श्रमजन्य फुप्फुस-रक्तस्राव (शर्यतीचे घोडे)
भरधाव धावताना घोड्याच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या फुटून श्वासमार्गात रक्त उतरण्याचा विकार. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स हिवाळ्यात आणि पुण्याचे पावसाळ्यात गाजवणाऱ्या थरोब्रेड घोड्यांची जातच याला बळी पडणारी. धावेच्या भरात केशवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिमी.पर्यंत चढतो आणि त्यांची अतितलम भिंत फाटते. इजा मुख्यतः फुप्फुसांच्या मागील, वरच्या भागात होते. नाकातून रक्त क्वचितच येते. त्यामुळे नुसत्या नाकपुड्या पाहून घोडा निर्दोष ठरवणे फसवे. शर्यतीनंतर साधारण ३० ते ९० मिनिटांत श्वासनलिकेत दुर्बीण घालून ० ते ४ अशी प्रतवारी करतात. फ्युरोसेमाइडने रक्तस्राव घटतो. पण हे औषध मूत्रल असल्याने घोड्याचे वजनही उतरते, म्हणून शर्यतीच्या दिवशी ते द्यावे का, हा वाद जुनाच आहे.