एका भोकाचा इतिहास

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच पुन्हा भरायचा छंद अमेरिकेत इतका रुजला, त्याचं बरंचसं श्रेय मी एका भोकाला देतो!

गोळी सुटते, दारू जळते, उरते ती पितळेची पुंगळी. काडतुसातला सगळ्यात महाग भाग तोच. ती परत वापरायची तर बुडातला जळका प्रायमर काढावा लागतो. १८६६ मध्ये याच्या दोन पद्धती आल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डननं ठिणगीसाठी लागणारी ऐरण पुंगळीतच ठेवली, म्हणून भोकं दोन, तीही बाजूला. इंग्रज एडवर्ड बॉक्सरनं ऐरण प्रायमरमध्ये घातली, त्यामुळे मधोमध एकच भोक. आतून सळई ढकलली की प्रायमर बाहेर. बर्डनचा बाहेरून उचकटत बसा.

गंमत म्हणजे अमेरिकन पद्धत युरोपात रुळली आणि इंग्रजी अमेरिकेत. १८८४ मध्ये कनेक्टिकटच्या जॉन बार्लोनं आयडियल कंपनी काढून पकडीसारखं भरणी-हत्यार विकायला घेतलं. पुढे आयडाहोचा रँचवाला एल्मर कीथ .४४ स्पेशल काडतुसं वर्षानुवर्षं स्वतःच जास्त जोरकस भरत राहिला, आणि कंपन्यांच्या मागे लागला. १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं ते त्यातूनच.