शिडाच्या दोराची यारी

शिडाच्या नौकेवर डोलकाठीच्या टोकावरील कप्पीतून जाऊन शीड वर चढविणाऱ्या दोरास हॅलयार्ड म्हणतात. नौका नांगरलेली असताना हा दोर मोकळाच असतो. तेव्हा त्याची यारी होते.

किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या लहान होडीची, म्हणजे डिंगीची, ६ अश्वशक्तीची मोटर सुमारे २५ किलोची असते. डुलत्या होडीत उभे राहून ती हातांनी वर देणे म्हणजे समुद्रास अर्पण करण्याचीच तयारी! त्यापेक्षा मोटरीस भक्कम पट्टे बांधून, दोर अडकवून ती विंचने सावकाश उचलावी. दुसऱ्या दोरीने ती आवरून धरावी, नाहीतर नौकेच्या अंगावर आदळते.

मात्र कोणताही दोर चालत नाही. मुख्य शिडाच्या दोराची कप्पी डोलकाठीच्या खाचेत बसविलेली असते. ओढ बाजूला गेली की दोर खाचेच्या कडेवर घासून झिजतो. स्पिनेकर या फुगीर शिडाच्या दोराची कप्पी बहुधा बाहेर, फिरत्या कडीवर टांगलेली असते व ओढीच्या दिशेने वळते. बाजूने भार घेण्यास तोच दोर योग्य. शिवाय एकेरी कप्पीमुळे डोलकाठीच्या टोकावर भाराच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे.

हा सराव मोटरीपुरता नाही. दोघांच्या नौकेवरून एक पाण्यात पडल्यास, भिजलेल्या सोबत्यास एकट्याने हातांनी वर ओढणे जवळपास अशक्य असते. तेथे हाच दोर व विंच कामी येतात. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसास शक्यतो आडवे उचलावे. उभे उचलल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.