पाट्यांपासून 'फकिरा'पर्यंत

आज आपण शिराळ्यात बसलोय. शेजारच्या वाळवा तालुक्यात वाटेगाव. तिथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. जातिभेदाच्या त्या शाळेत ते जेमतेम दीड दिवस टिकले. पुढे घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. तिथे दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत ते वाचायला शिकले. १९५९ मध्ये त्यांची 'फकिरा' आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्यातला वाचनाचा धडा विसरतो. अक्षरं पाट्यांनी दिली. पण ऐकलेली गोष्ट डोळ्यांपुढे उभी करायची सवय गावच्या जत्रांनी, तमाशाने लावली होती.

आपल्या आठवी-नववीत उलटं दिसतं. मुलं धडा घडाघडा वाचतात. काय घडलं म्हणून विचारलं की गप्प! कारण धडा संपताच आपण प्रश्नोत्तरं लिहायला लावतो.

त्याऐवजी हे करून बघू. 'फकिरा'त राणोजी शिगावची जोगिनी घेऊन निघतो, तिथेच पुस्तक मिटायचं. विचारायचं : तो कुठल्या वाटेनं जाईल? मागून काय ऐकू येत असेल? घरी कोण वाट बघतंय? वारणेकाठची पोरं हे शिवार ओळखतात. ती बोलतील, भांडतील. मग म्हणायचं, आता पुस्तकात शोधा. पान तीच उलटतील.

दीड दिवसात अण्णा भाऊंना शाळेने जे दिलं नाही, ते दहा वर्षांत तरी आपण या पोरांना द्यायला हवं.