‘गिव्ह अप’ आणि थाळनेरचा दरवाजा

इंग्रजी शिकणाऱ्यास ‘गिव्ह’ म्हणजे देणें व ‘अप’ म्हणजे वर, हें चटकन् समजतें. ‘गिव्ह अप’ म्हणजे मात्र वर देणें नव्हे. व्यसन टाकणें, आशा सोडणें, किल्ला हवालीं करणें, स्वतः शरण जाणें, इतके अर्थ ह्या जोडशब्दास चिकटलेले आहेत. मराठींत प्रत्येकास निराळें क्रियापद लागतें. ‘किल्ला खालीं करणें’ आणि ‘शरण येणें’ ह्यांत तर केवढें अंतर! पहिल्यांत शिबंदी कौल घेऊन, थकलेला पगार मागून, हत्यारांनिशीं बाहेर पडते. दुसऱ्यांत जीव सर्वस्वीं शत्रूच्या मर्जीवर असतो.

ह्या अंतराची किंमत खानदेशानें 1818 सालीं मोजली. 6 जानेवारीस मंदसोरच्या तहान्वयें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस सोडून दिला. 27 फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉप तापीकांठच्या थाळनेरपुढें (आजच्या धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत) येऊन ठेपला. विरोध केल्यास बंडखोर समजूं, असा त्याचा निरोप होता. तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे पडले, आणि किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतले अरब मात्र अटी मागत राहिले. शेवटच्या दिंडीशीं बोलणें चाललें खरें, पण एकमेकांची भाषाच नीट उमजेना. कांहीं इंग्रज अंमलदार दिंडींतून आंत शिरतांच त्यांजवर वार झाले; मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅग्रेगर ठार झाले. मग सुमारें तीनशें शिबंदी कापली गेली, आणि आधींच स्वाधीन झालेल्या किल्लेदारास फांशीं दिलें! दगा कीं गैरसमज, ह्याची चौकशी फांशीपूर्वीं व्हावयास हवी होती. विलायतेंतही हें सर्वांस रुचलें नाहीं. 1819 सालीं पार्लमेंटांत आभाराचा ठराव आला तेव्हां थाळनेरच्या फांशीवर प्रश्न निघालेच.

दुभाष्याचें काम त्या काळीं बहुधा अंदाजावर चाले. मोल्सवर्थनें आरंभिलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश कँडीच्या हातून पुरा झाला तो 1847 सालीं.

1818 सालच्याच जूनमध्यें, तेव्हां खानदेशांतच मोडणाऱ्या मालेगांवीं, पुन्हां अरबच किल्ला सोडीत होते. ह्या वेळीं त्यांनीं लेखी कौल मागून घेतला. इंग्रज सेनापतीनें दिलेला मराठी कागद मोघम होता. शिबंदीच्या हिताचें तें करूं, असाही त्याचा अर्थ निघे. एल्फिन्स्टननें इंग्रजांच्या मनांतला अर्थ बाजूस ठेवून कागदांतला अर्थ मानला. मालेगांवच्या अरबांस पगार मिळाला, आणि ते जिवंत सुटले.