स्विच आणि हात यांमधले अंतर : चंद्रपूर-गडचिरोलीतील वीजयंत्रणेच्या देखभालीचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकाच चंद्रपूर जिल्ह्याचे भाग होते, आणि विजेच्या इतिहासातही त्यांचे नाते असेच गुंतलेले आहे. पश्चिमेकडच्या कोळसापट्ट्यात वीज तयार होते आणि खाणी, कागद गिरणी व सिमेंट कारखाने ती वापरतात. पूर्वेकडे वैनगंगा ओलांडली की साग आणि बांबूचे जंगल दाट होत जाते आणि तिथल्या विरळ वस्त्यांपर्यंत वीज लांबच लांब वाहिन्यांवरून पोचवावी लागते. या प्रदेशातील विजेचा इतिहास बहुधा मेगावॅटच्या आणि विद्युतीकरण झालेल्या गावांच्या आकड्यांत सांगितला जातो. ही यंत्रणा रोज पुसणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचा इतिहास त्यात क्वचितच येतो. त्यांच्या कामाचे नियम मात्र पहिल्यापासून एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत : वीज जिथे बंद केली जाते ती जागा आणि कामगाराचा हात जिथे लागतो ती जागा यांत किती अंतर आहे, आणि त्या अंतरावर कशाच्या बळावर भरवसा ठेवायचा? कोळसापट्ट्यात हे अंतर काही पावलांचे असते, जंगलात ते कित्येक किलोमीटरांचे होते, आणि सुरक्षित देखभालीची परंपरा या दोन टोकांमध्ये घडली आहे.

येथे विचार करायचा आहे तो प्रामुख्याने ११ आणि ३३ किलोव्होल्ट, म्हणजे अकरा हजार आणि तेहतीस हजार व्होल्ट दाबाच्या यंत्रणेचा, आणि खाणींत व वीजकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या ३.३ आणि ६.६ किलोव्होल्टच्या यंत्रणेचा. आंतरराष्ट्रीय व्यवहारात हा सगळा पट्टा मध्यम दाबाचा मानला जातो. भारताच्या १९५६ च्या नियमांत मात्र ६५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘मध्यम’ आणि तिथून ३३ किलोव्होल्टपर्यंतचा ‘उच्च’ अशी विभागणी होती, आणि लाइनमनच्या रोजच्या बोलण्यात ही सारी ‘एचटी’ असते. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेचा धक्का बसायला तिला स्पर्श व्हावा लागतो. एचटीच्या दाबाला मात्र हवेतले थोडके अंतरही पुरते आणि शरीर पुरेसे जवळ आले की ठिणगी उडी घेते. म्हणूनच नियमांनी खुल्या उपकेंद्रात काम करणाऱ्यासाठी ११ किलोव्होल्टला २.६ मीटर आणि ३३ किलोव्होल्टला २.८ मीटर इतके मोकळे अंतर आवश्यक ठरवले.

या प्रदेशात यंत्रयुग कोळशाच्या मागोमाग आले. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली; पुढे बल्लारपूरच्या खाणी, १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची कागद गिरणी आणि बल्लारपूरचे जुने औष्णिक वीजकेंद्र यांनी या भागाला औद्योगिक रूप दिले. कायद्याची चौकट त्याआधीच आकाराला येत होती. १९१० चा भारतीय वीज कायदा आणि त्याखालचे १९३७ चे नियम यांनी वीजपुरवठा ही परवान्याने आणि निरीक्षकाच्या देखरेखीखाली चालणारी गोष्ट ठरवली. १९५० मध्ये मध्य प्रदेशचे वीज मंडळ अस्तित्वात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तोवर मध्य प्रदेशात असलेला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळे बदलत गेली, पण देखभालीच्या शिस्तीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना म्हणजे १९५६ चे भारतीय वीज नियम, कारण पुढची सुमारे पाच दशके लाइनमनपासून अभियंत्यापर्यंत प्रत्येकाचे काम त्यांनी बांधून ठेवले.

या नियमांतील चार तरतुदी कामगाराच्या जिवाशी थेट संबंधित होत्या. विजेच्या उपकरणावर कोणी काम करायचे त्या अधिकृत व्यक्तींची नावानिशी यादी ठेवणे बंधनकारक होते. उच्च दाबाच्या ठिकाणी कवटी आणि हाडांच्या खुणेची, स्थानिक भाषेतली धोक्याची पाटी लावावी लागे. वाहिनीला हात लावण्यापूर्वी ती बंद करून जमिनीशी जोडावी लागे, म्हणजेच तिचे अर्थिंग करावे लागे. आणि धक्का बसलेल्या माणसाला कसे सावरावे याच्या सूचनांचा फलक केंद्रात लावावा लागे. बल्लारपूर असो की आलापल्ली, उपकेंद्राच्या भिंतीवर टांगलेला तो सचित्र फलक हे या नियमांचे सर्वांत परिचित रूप आहे.

शिस्त प्रथम रुजली ती खाणींत, कारण तिथे चुकीची किंमत एकट्या कामगाराला नव्हे, तर सगळ्या पाळीला मोजावी लागण्याचा धोका होता. १९५६ च्या नियमांत खाणींसाठी स्वतंत्र प्रकरण होते आणि त्यानुसार प्रशिक्षित विद्युत पर्यवेक्षक नेमणे व तपासणीची नोंदवही ठेवणे आवश्यक होते. भूमिगत खाणीतील हवेत ज्वालाग्राही वायूचे प्रमाण सव्वा टक्क्यावर गेले की वीज तोडलीच पाहिजे, असा दंडक होता. वायूच्या खाणीतील स्विच ज्वालारोधक पेटीत बसवलेला असतो, आणि त्या पेटीच्या झाकणाच्या कडांवर धूळ वा गंज साचला, किंवा एखादा बोल्ट बसवायचा राहून गेला, तर आतली ठिणगी बाहेरच्या वायूपर्यंत पोचू शकते; त्यामुळे इथे साफसफाई आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाल्यावर या पट्ट्यात खुल्या खाणी वाढल्या आणि मोठ्या विद्युत फावड्यांना वीज देणाऱ्या जाड केबली जमिनीवरून ओढल्या जाऊ लागल्या. दगडावर घासणाऱ्या, चिखलात रुतणाऱ्या या केबलींची तपासणी हे देखभालीचे नवे अंग ठरले.

ऑगस्ट १९८३ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि १९९७ पर्यंत सात संचांची मिळून क्षमता २,३४० मेगावॅट झाली. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी कार्यान्वित होऊन इथली वीज थेट मुंबईच्या दिशेने जाऊ लागली. अशा केंद्राच्या पोटात पंखे, पंप आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्या फिरवणाऱ्या मोटारी साधारणतः ६.६ किलोव्होल्टवर चालतात आणि त्यांचे सर्किट ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच प्रवाह तोडणारी उपकरणे, लोखंडी कपाटांच्या रांगेत बसवलेली असतात. हा ब्रेकर चाकांवर असून कपाटातून बाहेर ओढता येतो. तो बाहेर आला की मोटारीकडची वाट तुटल्याचे डोळ्यांना दिसते, झडपेला कुलूप लावता येते आणि किल्ली काम करणाऱ्याच्या ताब्यात राहते. मागच्या मुख्य पट्ट्यांत मात्र वीज असू शकते, म्हणून त्यांवरील झडप उघडण्याची मुभा नसते.

कपाट स्वच्छ करण्याची रीतही अनुभवातून पक्की झाली आहे. दाबाच्या हवेने धूळ उडवली तर ती आतल्या फटींत जाऊन बसते, म्हणून ती शोषून घेणारे यंत्र आणि धागे न सुटणारे कोरडे कापड वापरले जाते. पावसाळ्यात ओल धरू नये यासाठी कपाटात लहानसा हीटर चालू ठेवतात. आणि शेवटी मेगरने, म्हणजे उच्च दाब देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, चाचणी घेतात. या चाचणीतच एक धोका दडलेला असतो. मेगरने दिलेला भार केबलीत साठून राहतो आणि वीज बंद असूनही तिला हात लावणाऱ्याला धक्का बसू शकतो, म्हणून चाचणीनंतर ती पुन्हा जमिनीशी जोडून रिकामी करावी लागते. जुन्या तेलाच्या ब्रेकरमध्ये प्रत्येक बिघाडानंतर तेलात काजळी साचे आणि ते गाळावे वा बदलावे लागे; निर्वात नळीत प्रवाह तोडणारे ब्रेकर आल्यावर हे तेलकट काम सरले, पण रोहित्रांच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, तेलाची चाचणी तशीच राहिली. अडीच मिलिमीटरच्या फटीत नव्या तेलाने निदान ३० किलोव्होल्ट दाब सोसला पाहिजे, ही कसोटी विद्युत कर्मचाऱ्यांच्या पिढ्यांना तोंडपाठ आहे.

कोळसापट्ट्यातील बाहेरच्या यंत्रणेचा शत्रू म्हणजे धूळ. कोळशाची भुकटी, राख आणि घुग्घुस-आवारपूर परिसरातील सिमेंटची धूळ चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते. कोरड्या दुपारी ती निरुपद्रवी असते, पण हिवाळ्यातल्या दवाने ओली झाली की तिच्यातून गळतीचा प्रवाह वाहू लागतो, काही पट्टे सुकतात, त्यांवर ठिणग्या नाचतात आणि अखेर पूर्ण इन्सुलेटरवरून विजेचा लोळ उतरून वाहिनी ट्रिप होते. सिमेंटची धूळ तर दवाने घट्ट होऊन चिकटते आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. म्हणून दवाचे दिवस सुरू होण्याआधी वाहिनी बंद घेऊन इन्सुलेटर एकेक करून पुसणे हे इथले ठरलेले काम आहे, आणि ते करताना तडा गेलेला वा भाजल्याची खूण असलेला इन्सुलेटर नजरेला येतो, हा त्याचा दुसरा लाभ होय.

वैनगंगेच्या पूर्वेला प्रश्नाचे स्वरूपच बदलते. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ, २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ मध्ये सौभाग्य योजना अशा टप्प्यांनी तारा जंगलात शिरत गेल्या. भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने सुरुवातीची अनेक वर्षे विजेविना काढली, यावरून या प्रवासाची गती कळते. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातून वाहिनी नेण्यासाठी केंद्राची परवानगी लागू लागली आणि तिच्यासाठी मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याची रुंदी ११ किलोव्होल्टला ७ मीटर, तर ३३ किलोव्होल्टला १५ मीटर अशी ठरली. साग-ऐनाची उंची लक्षात घेतली तर या पट्ट्याबाहेरचे झाडही उन्मळून तारेवर पडू शकते. वने राखणे आणि वीज राखणे या दोन्ही रास्त गरजा आहेत, आणि त्यांतला ताण लाइनमनच्या कोयत्याला रोज पेलावा लागतो.

कारखान्यातला कामगार आपला ब्रेकर डोळ्यांनी पाहतो; भामरागड किंवा एटापल्लीच्या वाटेवर खांबावर चढणाऱ्याला तो दिसत नाही. वीज दूरच्या उपकेंद्रात बंद झालेली असते, मधे फोनची रेंज नसते, आणि त्याच वाहिनीवर दुसरीकडे दुसरी टोळी काम करत असू शकते. या अंतरावर उपाय म्हणून परमिटची पद्धत रूढ झाली : उपकेंद्राचा ऑपरेटर आधी ब्रेकर उघडतो, मग भार तोडण्यासाठी न बनलेला पण तुटलेली वाट दाखवणारा आयसोलेटर उघडतो, नोंदवहीत वेळ आणि नाव लिहितो आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय वाहिनी चार्ज करत नाही. कागद मात्र तारेतला भार काढू शकत नाही. शेजारच्या चालू वाहिनीमुळे प्रेरित झालेला दाब, दूरवर कोसळलेली वीज, किंवा एखाद्या ग्राहकाच्या जनरेटरमधून रोहित्रातून उलट आलेला पुरवठा बंद वाहिनीला पुन्हा जिवंत करतो.

म्हणून जंगलात निर्णायक ठरते ती कामाच्या जागीच केलेली अर्थिंग, आणि तिचा क्रम ठरलेला आहे. दाब दाखवणारा दर्शक आधी माहीत असलेल्या चालू तारेवर तपासायचा, मग कामाच्या तारेवर, आणि पुन्हा चालू तारेवर, म्हणजे दर्शकच बिघडल्याचा संशय उरत नाही. डिस्चार्ज रॉडची, म्हणजे इन्सुलेटेड दांड्याला जोडलेल्या तांब्याच्या केबलीची, जमिनीकडची बाजू प्रथम घट्ट बसवायची आणि नंतर आकडा तारेला लावायचा. काढताना आकडा आधी, जमीन शेवटी. तिन्ही तारा एकमेकींना जोडून कामाच्या दोन्ही बाजूंना असे रॉड लावले की वीज कोणत्याही दिशेने आली तरी तिला जमिनीचा सोपा मार्ग मिळतो आणि दूरचा ब्रेकर तत्काळ उघडतो. उपकेंद्रातल्या स्विचचे मैलांचे अंतर इथे दोन रॉडांमधल्या काही मीटरांवर येते.

देखभालीचे वेळापत्रकही जंगलाच्या ऋतुचक्राने ठरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि आग पसरली की धूर व ज्वाळा तारांखालून जाऊन ठिणगी उडते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आणि वणव्यांचे दिवस असतात. त्यानंतर वादळी पावसात फांद्या तारांवर पडतात. बांबूचे कोंब पावसाळ्याच्या आठवड्यांत तारेपर्यंत वाढतात, वेली ताणाच्या तारेवरून खांबावर चढतात. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा दुरुस्तीची टोळी पलीकडेच अडकते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच फांद्यांची छाटणी, रोहित्रातील तेलाची पातळी आणि ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलचा निळ्याचा गुलाबी झालेला रंग तपासून ठेवणे इथे अनिवार्य ठरले आहे. याशिवाय रानडुकरे मारण्यासाठी ११ किलोव्होल्टच्या तारेवर आकडे टाकून जंगलात उघडी तार पसरण्याचा प्रकार दोन्ही जिल्ह्यांना परिचित आहे. त्यात वाघ मेले आहेत आणि माणसेही दगावली आहेत, आणि म्हणूनच अकारण ट्रिप झालेली वाहिनी पुन्हा चालू करण्यापूर्वी चालत पाहून घेणे ही वनरक्षक आणि लाइनमन या दोघांच्याही हिताची गोष्ट आहे.

२००३ च्या वीज कायद्यानंतर मंडळाचे विभाजन झाले आणि जून २००५ पासून वितरणाचे काम महावितरणकडे आले. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली, पण बंद करणे, कुलूप लावणे, तपासणे, जमिनीशी जोडणे आणि मगच हात लावणे हा गाभा बदलला नाही. पॉलिमर इन्सुलेटर आणि आवरण असलेल्या तारा यांनी काही धोके कमी केले आहेत. तथापि काम जसजसे कंत्राटी हातांकडे जात आहे तसतसा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, कारण नियम पाळण्यासाठी वेळ, साधने आणि नकाराचा अधिकार तिन्ही लागतात. गावाचा दिवा लवकर लागावा ही अपेक्षा रास्त आहे. परंतु रॉड लागल्याशिवाय खांबावर न चढणाऱ्या लाइनमनचा उशीर हा कामचुकारपणा मानला जाता कामा नये. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या या प्रदेशाच्या इतिहासात त्या उशिराला कर्तव्याचा भाग म्हणून जागा मिळाली पाहिजे, आणि तो उशीर सोसण्याची जबाबदारी वरिष्ठांनी आणि ग्राहकांनी सारखीच उचलली पाहिजे.