गाळणीच्या आधी

पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी घागरीत आले की आमची आजी त्यात तुरटीचा खडा चारदोन वेळा फिरवी. तिच्या माहेरी निवळीचे बी उगाळून तेच काम करीत. सकाळी गाळ तळाशी बसलेला असे, आणि मगच वरचे पाणी फडक्याने गाळले जाई. आधी निवळणे, मग गाळणे हा क्रम तिला कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता. निवळीचा, म्हणजे कतकाचा, उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे, तसा मनुस्मृतीतही आहे. मनुस्मृतीशी आमचे भांडण जुने. परंतु कतकाचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही, हे तिचे म्हणणे आम्हांस मान्य आहे!

युरोप-अमेरिकेतील शहरांना हा क्रम नीट उमगण्यास जवळजवळ शतक लागले. १८०४ साली स्कॉटलंडातील पेस्ली येथे जॉन गिब याने आपल्या कापड धुण्याच्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली आणि उरलेले पाणी गावात विकले. कापडाला स्वच्छ पाणी आधी मिळाले, माणसांना मागाहून! पुढे १८२९ साली जेम्स सिम्प्सनने लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी मोठी गाळणी उभारली. अशा गाळणीत पाणी वाळूतून सावकाश झिरपते. वाळूवर सूक्ष्म जीवांची चिकट साय धरते आणि रोगजंतू मुख्यतः तीच अडविते. साय जाड झाली की पाणी उतरत नाही. मग हौद रिकामा करून मजुरांनी फावड्यांनी वरचा थर खरवडावयाचा.

जर्मनीतील हांबुर्ग शहराने तेवढाही खर्च केला नव्हता. एल्ब नदीचे पाणी हौदात थोडे निवळू द्यावयाचे आणि तसेच नळांना सोडावयाचे. शेजारचे आल्टोना तीच नदी हांबुर्गची घाण मिसळल्यावर पुढे उचलीत असे, पण वाळूतून गाळून. १८९२ साली पटकी आली. हांबुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे मेली, आल्टोना बव्हंशी बचावले. सीमेवरच्या रस्त्याची एक बाजू आजारी, दुसरी धडधाकट! गरिबांच्या वस्तीतच मरण अधिक झाले. नुसत्या निवळण्याने भागत नाही, याचा हा दाखला. हांबुर्गची गाळणी पुढच्याच वर्षी सुरू झाली.

नुसत्या गाळण्यानेही भागत नाही, हे अमेरिकेत लुईव्हिल येथे सिद्ध झाले. ओहायो नदीच्या पाण्यातील माती इतकी बारीक की दिवसचे दिवस ती खाली बसत नाही. तिच्या कणांवर सारखाच विद्युद्भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीच्या जातीचा क्षार टाकला की तो भार निष्प्रभ होतो, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके बनतात आणि माती कवेत घेऊन खाली बसतात. जॉर्ज फुलर या रसायनतज्ज्ञाने १८९५ ते १८९७ पर्यंत तेथे निरनिराळ्या कंपन्यांच्या शीघ्र गाळण्या चालवून पाहिल्या. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्राचे गुण गाई. फुलरचा निष्कर्ष असा की जड गाळ आधी बसू द्यावा, मग क्षार घालावा, तरच गाळणी काम देते. १८९८ साली अहवाल निघाला, १९०२ साली न्यू जर्सीतील लिटल फॉल्सने तो अंमलात आणला. आणि ज्यांच्या नदीवर हे प्रयोग झाले, त्या लुईव्हिलकरांना गाळलेले पाणी मिळाले १९०९ साली!

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या आजच्या यंत्रांतही तीच गोष्ट आहे. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० साली असा कारखाना सुरू झाला. त्यातील पातळ पडदे वाळूहून कितीतरी नाजूक, म्हणून गाळ आधीच काढावा लागतो.

एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर आम्ही सभेसाठी गेलो होतो. गाळणी दाखवावयास साहेब स्वतः आले. निवळण हौदाकडे कोणी नेले नाही. तेथे एक रोजंदारीवरचा कामगार भर पावसात बरण्यांतील पाणी उजेडाकडे धरून, कोणत्या बरणीत पुंजके लवकर बसतात ते पाहत होता. त्यावरून शहराचा त्या दिवसाचा क्षार ठरावयाचा. क्षाराच्या लाद्या उघड्या हातांनी फोडून त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. मागणीपत्रात आम्ही हातमोजे पहिल्या क्रमांकावर घातले. ते दुसऱ्या पावसाळ्यात मिळाले.