हद्दीची रेघ

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा सेलूत ग्रामपंचायत होती. 2015 च्या सुमारास नगरपंचायत आली, 17 प्रभाग झाले; प्रत्येकातून एक नगरसेवक. लोकसंख्या सारखी वाटायची, रस्ते-नाले पाहून रेघ ओढायची, हरकती ऐकायच्या, अशी ही रीत. नाली तुंबली की कोणाकडे जायचं, हे त्या रेघेवरच ठरतं!

आता गावाबाहेर ले-आऊट पडले की हद्दवाढीची चर्चा निघते. वर्ध्याकडे पाहा. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे शहराला चिकटली, पण वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच राहिली. हद्दीत गेलो की घरकर वाढेल, ही लोकांची धास्ती खोटी नाही. मला वाटतं, नळ-नालीचा पैसा कुठून येणार ते आधी ठरवावं, मगच रेघ सरकवावी. आणि प्रारूप नकाशा लागला की आपण सर्वांनी जाऊन पाहावा. हरकतीची मुदत थोडकीच असते.